पश्चिम भारतातलं एक जोडपं

माघ सरत आला की नाशकात सकाळी थंडी आणि दुपारी ऊन असा दुटप्पी कारभार सुरू होतो. स्वेटर घालून निघायचं आणि तो काखेत मारून परत यायचं. रस्त्याच्या कडेला हातगाड्यांवर द्राक्षांचे ढीग लागतात. क्रेट भरलेल्या पिकअप गाड्या बाजाराच्या दिशेने धावत सुटतात आणि त्यांच्या मागे गाडी चालवताना खिडकीतून आत गोडसर, किंचित आंबूस वास येत राहतो. या दिवसांत गावाला सुगीची घाई असते, ओळखीतला जो तो कुणाच्या तरी बागेत जाऊन आलेला असतो. मला मात्र याच दिवसांत अडकल्यासारखं होतं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबावी तसं. वीज येणार हे माहीत असतं, पण कधी ते कुणी सांगत नाही.

याच दिवसांत कधीतरी आमच्या दाराशी द्राक्षांची एक पेटी येते. सायखेड्याकडून येणारा कुणी टेम्पोवाला ती वॉचमनकडे देऊन जातो. साधी पांढरी पुठ्ठ्याची पेटी, आत कागदात गुंडाळलेले घड. वर काही लिहिलेलं नसतं.

"कुणी पाठवली गं?" आई दर वर्षी विचारते.

"पेशंटनं."

"नाव काय?"

"सांगता येत नाही, आई."

"तुझ्या पेशंटांना नावंच नसतात का गं? सगळे आपले बिनबारशाचे!"

आई शाळेत शिक्षिका होती. हजेरी घेण्यात जन्म गेला, त्यामुळे बिननावाचं माणूस तिला पटत नाही. मी हसून घड धुवायला घेते. आणि धुता धुता ती गाडी आठवते, तो बांध आठवतो, बंद काचांच्या आतला उकाडा आठवतो.

मी त्वचारोगाची डॉक्टर. म्हणजे आईच्या मैत्रिणींना सांगताना त्वचारोगाची. पाटीवर पुढे 'व गुप्तरोग' असंही आहे, ते आई गिळते. शहराबाहेरच्या एका मेडिकल कॉलेजात मी शिकवते आणि ओपीडी बघते. आमच्याकडे खऱ्या दुखण्यासाठी कुणी येत नाही. सगळे गजकर्णासाठी येतात. दंडावरचा, मानेवरचा, कुठलाही चट्टा पुढे करतात. मी मलम लिहून देते, ते उठतात, दारापर्यंत जातात, पडद्याला हात लावतात आणि तिथून वळून म्हणतात, "अजून एक विचारायचं होतं." आमची ओपीडी सुरू होते ती तिथून. नवीन शिकाऊ डॉक्टरांना मी हेच पहिल्यांदा सांगते, की पेशंट दारापर्यंत पोचेपर्यंत पुढच्याला हाक मारू नका.

ती दोघंही गजकर्णासाठीच आली होती. खरं तर तो आला होता, ती बरोबर होती. सायखेड्याच्या बाजूचं एक गाव, नाव नको. द्राक्षाची बाग, एकत्र कुटुंब. तो हडकुळा, उंच, बोलताना टेबलावरच्या पेपरवेटकडे बघणारा. ती सटाण्याकडची, माहेरची भाषा अहिराणी, सासरी आल्यावर जपून बोलायला शिकलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तिच्या पिशवीत तपासण्यांचा गठ्ठा होता, सगळ्या तिच्याच. सोनोग्राफ्या, रक्त, नळ्या फुंकून बघणं, परत सोनोग्राफी. नाशिकपासून मुंबईपर्यंतच्या डॉक्टरांनी तिला आतून बघितलं होतं. पडद्यापाशी वळून बोलली ती तीच.

"म्याडम, आमच्यात तसं कधी झालंच नाय. मग मूल कसं व्हईल?"

एवढं साधं होतं. पण कुठल्याच डॉक्टरने ते विचारलं नव्हतं. लग्न झालेलं आहे म्हणजे ते होत असणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं. आणि ती दोघं बोलली नव्हती, कारण बोलायचं तर कुणाचं अडतंय हेही सांगावं लागलं असतं. अडत त्याचं होतं. शरीरात काही बिघाड नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत भीतीने एकदा फजिती झाली, ती भीती मग घर करून बसली. आणि वांझ ती ठरली. गावात हळदीकुंकवाला तिला बोलवायचं टाळू लागले. सासूनं नात्यातली एक मुलगी हेरून ठेवली होती.

"बाग खाली झाली की माझं बघनार हायेत," ती म्हणाली. बाग खाली होणं म्हणजे शेवटचा घड उतरणं. मग तिला माहेरी पाठवायचं, वकिलाकडून काय ते कागद करायचे आणि त्याचं दुसरं करायचं, असा बेत होता. हे सगळं तिनं औषधाच्या वेळा विचाराव्यात तशा आवाजात सांगितलं. तो पेपरवेट फिरवत राहिला. मला त्याचा राग आला, आणि कीवही, दोन्ही एकदम.

मला माहीत होतं आणि मला सांगता येत नव्हतं. माझ्या पेशाचं ते व्रत आहे, चांगलं व्रत आहे, मी मोडणार नाही. पण एका फोनने जे मिटलं असतं ते तोंडात घेऊन फिरणं काय असतं, हे त्या वर्षी कळलं.

उपचार तसा पुस्तकी आहे. काही दिवस शरीरसंबंधाला सक्त मनाई. फक्त जवळ बसायचं, हातात हात घ्यायचा, मग हळूहळू पुढे. धाक गेला की बाकीचं आपोआप मार्गी लागतं. पुस्तक ज्यांनी लिहिलं त्यांच्या घरात दाराला कडी असलेली खोली होती. या दोघांच्या वाट्याला माजघरात पडद्यामागचा कोपरा होता आणि पडद्याच्या पलीकडे दीर, जाऊ, त्यांची पोरं.

"तेवढी जागा नाय म्याडम," तो म्हणाला. "आन् दिवसा दोघं एका जागी बसलो तर पोरं हसत्यात."

ते दिवस घडांना कागद लावायचे होते. द्राक्षाच्या हंगामात एक वेळ येते, मण्यांवर गुलाबी डाग पडू नयेत म्हणून एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. ओळीच्या या बाजूला एक माणूस, त्या बाजूला एक. मध्ये घड. एकाने कागद धरायचा, दुसऱ्याने दुमडून स्टेपल मारायची. आपसात बोलायला लागत नाही आणि कितीही वेळ लागला तरी कुणी विचारत नाही. मी म्हटलं, "मग तिथेच करा. घरात नाही, बागेत. एका घडाला जितका वेळ लागतो तितका वेळ हात हातात."

दोघं एकमेकांकडे बघून पहिल्यांदा हसली. पुढच्या वेळी आली तेव्हा ती म्हणाली, "यंदा आमच्याइतके कागद कुनीच लावले नाय." सासू खूश होती, पोरगं कामाला लागलं म्हणून. हंगाम भरात येईपर्यंत त्यांचं जमलं होतं. तिनं मला हे कसं सांगितलं तर फक्त मान हलवली आणि पदराने तोंड पुसलं. तो या वेळी पेपरवेटकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

पण घरात सांगायची त्याची छाती होत नव्हती. आता सगळं नीट आहे म्हणायचं तर आधी नीट नव्हतं हे कबूल करावं लागणार. आणि मूल काही लगेच हातात येत नाही. बाग उतरायचे दिवस जवळ येत होते.

इकडे माझीही एक बाग उतरायला येत होती. कॉलेजात माझी नेमणूक दर वर्षी नव्याने व्हायची आणि बढतीसाठी नामांकित नियतकालिकात लेख लागायचा. आमचे विभागप्रमुख, आम्ही नुसतं 'सर' म्हणतो, चहाचा घोट घेत विचारायचे, "काय, छापून आलं का काही?" मी म्हणायचे, "चाललंय सर." त्यावर ते जे हसायचे ते आठवलं की आजही दात आवळले जातात. या जोडप्याची हकीकत लिहिण्यासारखी होती. ज्या घरात खोलीच नाही तिथे हा उपचार कसा करायचा, हे कुणी लिहिलेलं मला सापडत नव्हतं. लैंगिक आरोग्याला वाहिलेलं एक परदेशी मासिक मी निवडलं, दोघांना विचारलं, दोघांनी मान डोलावली आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहायला घेतलं.

ज्यांनी कधी असा लेख पाठवलेला नाही त्यांना हे कळायचं नाही. लिहिणं सोपं असतं, पाठवणं हे खरं बाळंतपण. पोर्टल उघडायचं, पासवर्ड विसरायचा, नवा घ्यायचा. नावांचं पान वेगळं, कारण परीक्षकांना आपण कोण ते कळता कामा नये. संदर्भ त्यांच्या पद्धतीने, स्वल्पविराम त्यांच्या पद्धतीने. कुणाशी हितसंबंध आहेत का? नाहीत. शब्दमर्यादा ओलांडली, कापा. चित्र आहे का? नाही. चित्र नाही असं लिहिलेली फाईल जोडा. सगळं चढवलं की यंत्र त्याची एक फाईल बनवतं, ती उघडून आपण मंजूर करायची, आणि मंजूर करताना पहिल्याच ओळीतली चूक दिसते. आई शेजारी भाजी निवडत असायची. पडद्यावरचे काही शब्द तिला कळायचे आणि ती मेथीकडे जास्तच लक्ष देऊन बघायची.

परीक्षकांची उत्तरं आली. एकाला लेख आवडला. दुसऱ्याला आवडला नाही, पण दुसऱ्या परीक्षकाला काही आवडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्याचं म्हणणं, हे जोडपं ओळखू येतं. आमच्या भागातलं नाव काढा. मी काढलं. नाशिक जिल्हा काढला, महाराष्ट्र काढला, 'पश्चिम भारत' ठेवलं. द्राक्षं काढा, पिकावरून ओळखतील. मी 'शेतीकाम' लिहिलं. त्यावर पहिला परीक्षक म्हणाला, आता यात नवीन काय राहिलं, शेतीत ते नेमकं कुठे बसत होते? मी थोडी बाग परत घातली. दुसऱ्याने ती परत काढायला लावली. बाग ठेवली तर ती दोघं उघडी पडत होती आणि बाग काढली तर लेख उघडा पडत होता. रोज संध्याकाळी मी एक ओळ घालायचे आणि एक ओळ खोडायचे. खोडता खोडता शेवटी जे उरलं त्यात माणसं नव्हतीच. 'पश्चिम भारतातलं एक जोडपं', 'पुरुष जोडीदार', 'स्त्री जोडीदार', आणि 'घराबाहेरील सामायिक काम'. मला वाटायचं, मी त्या दोघांना कागदात गुंडाळतेय.

मग संपादकांची मेल आली. लेख घेऊ, पण एका अटीवर. दोघांनीही लेखाचा अंतिम मजकूर, त्यांना समजणाऱ्या भाषेत, पूर्ण ऐकलेला असला पाहिजे, आणि मग सही. दोघांचीही. मुदत जवळची.

बाग तोडणीला आलेली असताना त्यांना शहरात यायला सवड कुठली! फोनवर सही होत नाही. शेवटी मीच निघाले, एका रविवारी, द्राक्षं विकत घ्यायला आलेली बाई बनून. गोदावरीचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना बागाच बागा लागल्या. कागद लावलेले घड ओळीने लोंबत होते. बागेत तोडणीचे मजूर, कात्र्यांचा कचकच आवाज, शेडमध्ये घड निवडणाऱ्या बायका. तिची सासूही तिथेच होती, हातात कात्री, डोक्यावरून पदर, सगळ्यांवर नजर. शेडमध्ये बोलणं शक्य नव्हतं आणि घरात त्याहून नव्हतं. म्हणून आम्ही तिघं बांधावर उभ्या केलेल्या माझ्या गाडीत बसलो. तो माझ्या शेजारी, ती मागे. काचा वर. ऊन टपावर तापत होतं.

घरून मी तयारी करून गेले होते, आरशासमोर वाचूनसुद्धा बघितलं होतं. इंग्रजीतून मराठीत करत करत मी वाचायला लागले. पश्चिम भारतातलं एक जोडपं. लग्नाला अनेक वर्षं. स्त्री जोडीदाराच्या अनेक तपासण्या झाल्या, त्या सर्व सामान्य होत्या.

"थांबा," मागून ती म्हणाली. "तेवढं परत वाचा."

मी परत वाचलं. स्त्री जोडीदाराच्या सर्व तपासण्या सामान्य होत्या. तिच्यात कोणताही दोष आढळला नाही.

"अजून एकदा."

मी अजून एकदा वाचलं. आरशात मला तिचे डोळे दिसत होते. हे वाक्य मी रोज लिहिते, कॉपी करून चिकटवते, त्याला काही वजन असतं हे मी विसरूनच गेले होते.

मग त्याचा भाग आला. पुरुष जोडीदाराला पहिल्या प्रयत्नानंतर तीव्र भीती निर्माण झाली. ही भीती त्याने कुणालाही सांगितली नाही. तो समोरच्या काचेतून बागेकडे बघत ऐकत होता. वाचून संपलं. मग हळूच म्हणाला, "लय भ्यालेला व्हता तो."

मी त्याच्याकडे बघितलं. तो त्या कागदातल्या माणसाबद्दल बोलत होता. स्वतःची त्याला लाज होती, पण नाव-गाव पुसलेल्या त्या परक्या माणसाची त्याला दया येत होती.

तेवढ्यात काचेवर टकटक झालं. सासू उभी होती, ओंजळीत दोन घड.

"काय वो बाई, एवढ्या उन्हात गाडीत काय बसल्या? आन् ही दोघं काय करत्यात आत?"

मी पटकन कागद मिटले. आता काय थाप मारायची याचा विचार करत होते, तर त्यानं काच खाली केली आणि म्हणाला, "आई, आत बस."

"मी कशाला?"

"बस म्हनतो ना."

ती बसली, सुनेच्या शेजारी, घड मांडीवर घेऊन. चार माणसं, एक गाडी, काचा पुन्हा वर. तो मला म्हणाला, "वाचा म्याडम. पयल्यापासून."

"नक्की?"

"वाचा."

मी मागे वळून सुनेकडे बघितलं. तिनं किंचित मान हलवली. मी वाचायला लागले. म्हातारी मन लावून ऐकत होती, मध्ये मध्ये घडातला एखादा बारका मणी सवयीने खुडून टाकत होती. कुणाची तरी गोष्ट आहे, एवढंच तिला कळत होतं. "बया! मग त्या पोरीला कुनी इच्यारलंच नाय का?" असं एकदा म्हणालीसुद्धा. मी पुढे वाचत गेले आणि त्या ओळीपाशी आले, जी आधी मी नुसती माहिती म्हणून लिहिली होती. मूल होत नाही म्हणून कुटुंबीय पुरुष जोडीदाराच्या दुसऱ्या विवाहाचा विचार करत होते. म्हातारीचा हात थांबला.

मी शेवटपर्यंत वाचलं. मग तिनं विचारलं, "कुठलं म्हनलात हे जोडपं?"

"पश्चिम भारतातलं," मी म्हणाले. दुसरं काही बोलायची मला मुभाच नव्हती.

"म्हंजी कुठलं?"

"म्हंजी इथलं, आई," तो म्हणाला. मागे वळला नाही, समोरच बघत होता. "मीच हाय तो."

बाहेर कात्र्या चालू होत्या. म्हातारीनं दार उघडलं, उतरली आणि गाडीला पाठ लावून उभी राहिली. तिच्या पाठीवरून मला काहीच कळेना. ती ओरडेल, की चक्कर येऊन पडेल, की मलाच हाकलेल, असं सगळं मनात येऊन गेलं.

त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि हात पुढे केला. "कुठं करायची सही?" मी दाखवली तिथे त्यानं केली. मग मी कागद मागे दिला आणि नियमाप्रमाणे जे म्हणायचं असतं ते म्हटलं. हे वाक्य आम्ही सगळे डॉक्टर एका दमात म्हणतो, म्हणताना पेशंटकडे बघतही नाही. "तुम्हाला नाही म्हणायचा अधिकार आहे. नाही म्हटलंत तरी उपचारात काही फरक पडणार नाही."

तिनं कागद खालपासून वरपर्यंत बघितला. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण ती काहीतरी शोधत होती. मग माझ्याकडे बघून, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माहेरच्या भाषेत, तिनं विचारलं, "मनं नाव कोठे शे?"

"नाव नसतं यात. कुणालाही कळू नये म्हणून."

"माझं नाव छापून येनारच नाय?"

"नाही."

"यांचं?"

"नाही."

"बागेचं?"

"बागही काढलीय. त्यांनी काढायला लावली."

तिनं कागद मांडीवर ठेवला. "वांझ म्हनले ते माझं नाव घेऊन म्हनले, म्याडम. आन् दोष नाय ते बिननावाचं छापनार." मग जरा थांबून, "तुम्ही म्हनल्या ना, नाय म्हनता येतं?"

"येतं."

"मग नाय."

तिचा आवाज चढला नव्हता, तक्रारीचा सूर नव्हता. तिला एक गोष्ट विचारली होती आणि तिनं तिचं उत्तर दिलं होतं. नवरा चमकून मागे वळला, माझ्याकडे ओशाळून बघू लागला. "अगं, म्याडमनी एवढं केलं आपल्यासाठी..." मी त्याला हातानेच थांबवलं. तोंडाने थांबवता आलं नसतं. खरं सांगते, मला रडू आलं होतं आणि ते तिच्यासाठी नव्हतं. ते माझ्या हिवाळाभरच्या संध्याकाळींसाठी होतं, सरांच्या त्या हसण्यासाठी होतं. एका मोठ्याने टाकलेल्या उसाशाने ती कदाचित बदलली असती, एवढं तिला माझं देणं वाटत होतं. मी उसासा गिळला.

तेवढ्यात म्हातारी गाडीला वळसा घालून सुनेच्या बाजूला आली आणि तिनं ते दार उघडलं.

"चल, उतर," ती म्हणाली. "सकाळधरनं पोटात काय नाय तुझ्या."

ती उतरली. दोघी शेडकडे चालू लागल्या, म्हातारी पुढे आणि ती मागे. मध्येच म्हातारी थांबली, तिला बरोबरीला येऊ दिलं आणि मग चालली. त्या काय बोलल्या ते मला कधी कळलं नाही. मुलाकडे मात्र तिनं वळूनही बघितलं नाही, तो बराच वेळ माझ्या शेजारी तसाच बसून होता. निघताना त्यानं डिकीत पेटी ठेवली, तीच पांढरी, वर काही न लिहिलेली.

सोमवारी सर म्हणाले, "एक सही नाही मिळाली तुला?" मी म्हटलं, "एक मिळाली सर. दोन लागतात." पुढे मी गजकर्णावर लेख लिहिला. तो लगेच छापून आला, कारण गजकर्णाला लाज नसते. नेमणूक तेवढ्यावर टिकली, बढती मात्र कधी एका लेखाने तर कधी एका अटीने हुकतच राहिली. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं आता माझ्या वरच्या खुर्चीत बसतात आणि मला आदराने 'मॅडम' म्हणतात. मी अजून तिथेच आहे, पडद्याच्या अलीकडे. आणि पोर्टलवर तो लेख अजून आहे. 'अपूर्ण' या रकान्यात. पुसून टाकायचं बटण शेजारीच असतं. दर माघात मी लॉगिन करते, पासवर्ड विसरलेला असतो, नवा घेते, त्या दोघांना तिथे बघते आणि बंद करते.

ती दोघं त्यानंतरही तपासायला येत राहिली, मग यायची गरज उरली नाही. दुसऱ्या लग्नाचं बोलणं त्याच दिवशी बंद झालं. सासू गावात सांगते म्हणे, "सुनंत काय बी खोट नाय, डॉक्टरनी वाचून दाखीवलंय." पुढचं ती सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. मूल अजून नाही. मी ते विचारलं नव्हतं, तिनंच फोनवर सांगितलं, आणि लगेच यंदा थंडी बरी पडल्याचंही सांगितलं. तुम्ही आत्ता वाचताय तो हा लेख लिहू का, तेही मी तिलाच विचारलं. म्हणाली, मराठीत लिहिणार असाल तर लिहा, मी वाचीन. इथपर्यंतचा तिनं वाचला. नवऱ्यालाही वाचून दाखवला. तिचं एवढंच म्हणणं पडलं की बाग काढू नका.

या आठवड्यात पेटी आली. मी ओपीडीतून दमून घरी आले होते, चपला काढत होते. आतून आईचा आवाज आला.

"अगं, या वर्षी नाव आहे हो पेटीवर!"

मी गेले. पेटी पांढरी नव्हती. रंगीत होती, छापील. हल्ली बागायतदार स्वतःच्या नावाने पेट्या छापून घेतात, कुणी देवाचं नाव देतं, कुणी वडलांचं. झाकणावर हिरव्या घडाचं चित्र होतं आणि त्याच्या वर मोठ्या लाल अक्षरांत तिचं नाव. फक्त तिचं. खाली 'द्राक्ष बाग', आणि त्याखाली गाव. आईने चष्मा लावून ते हजेरी घेतल्यासारखं मोठ्याने वाचलं. मी उभी होते म्हणून पुन्हा वाचलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही, माझ्या हाताला ती सवय उरलेली नाही. पण या दिवसांत तुम्ही नाशकात द्राक्षांची पेटी घेतली असेल, तर ते तुमच्या घरात येऊन गेलं असेल. तुम्ही ते वाचलंही असेल.